रक्ताची पत्रिका

पालघर जिल्ह्यातील वारली, कातकरी इत्यादी समाजांत सिकल सेल नावाचा रक्ताचा आनुवंशिक विकार आढळतो. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानाचा संकल्प असा की, आदिवासीबहुल भागांतील सात कोटी लोकांचे रक्त तपासावे, प्रत्येकास त्याच्या रक्ताची स्थिती दर्शविणारे कार्ड द्यावे आणि २०४७ पर्यंत या विकाराचे उच्चाटन करावे. संकल्प स्तुत्य आहे. परंतु कार्ड हाती दिल्यावर त्या मनुष्याकडून समाजाने काय मागावे, हा प्रश्न वैद्यकाचा नसून नीतीचा आहे.

या विकारात रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात व सूक्ष्म रक्तवाहिन्या तुंबवितात. असह्य वेदना होतात, हृदयावर ताण पडतो, आणि प्लीहा निकामी झाल्यामुळे जंतूंशी झुंजण्याची शक्ती उणावते. ज्याला हा दोष एकाच जनकाकडून मिळाला तो वाहक. तो बहुधा धडधाकटच असतो. मात्र आईबाप दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास विकार जडण्याचा संभव चारांत एक असतो. म्हणून दोन वाहकांनी परस्परांशी विवाह करू नये, असा उपदेश केला जातो.

हिशेब बिनचूक आहे. आम्हांस खटकते ते निराळेच. थॅलसेमिया हाही याच रीतीने वंशात उतरणारा विकार असून तो सिंधी, लोहाणा अशा व्यापारी समाजांतही आढळतो. तरीही आमच्या पांढरपेशा घरांत नाडी जुळते की नाही हे बारकाईने पाहतात. रक्ताचा अहवाल मागितला तर किती वधूपिते राग न मानता तो पुढे करतील? जी परीक्षा आपण स्वतःस लावून घेत नाही, ती वारल्याच्या मुलीस लावण्याचा अधिकार आपणांस कोठून आला? आणि वाहक म्हणजे रोगी नव्हे, हे गावकीस पटेपर्यंत बोल बहुधा मुलीलाच लागणार.

कोणी म्हणेल, मग जन्मणाऱ्या मुलाच्या यातनांचे काय? आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच ज्ञान दडवू नये असे आमचे मत आहे. परंतु यातना केवळ रक्तातून येत नाहीत. तहान, अतिश्रम आणि ताप यांनी वेदनेचा झटका ओढवतो. जव्हार-मोखाड्याहून वीटभट्टीवर किंवा बोईसरच्या कारखान्यात रोजंदारीस जाणाऱ्यास विश्रांती म्हणजे बुडालेली मजुरी. हायड्रॉक्सीयुरिया हे स्वस्त औषध नित्य घेतल्यास झटके कमी होतात. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत औषधांचे कारखाने आहेत. पण पाड्यावरच्या रोग्यास ही गोळी रोज, न चुकता मिळते काय, हे आधी विचारावे. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेने याच विकारावर जनुकीय उपचार मान्य केला. त्याची तेथील किंमत २२ लक्ष डॉलर!

दोन वाहकांनी जाणूनबुजून विवाह केलाच, तर गर्भाची परीक्षा करण्याची सोय मुंबईस आहे. ती गर्भारपणाच्या आरंभीच्या महिन्यांतच करून घ्यावी लागते. जव्हारला आगगाडी नाही. आधी डहाणू किंवा पालघरचे स्टेशन गाठावयाचे, मग मुंबई, आणि अहवालासाठी पुन्हा एक फेरी.