पौषातली घोडी

डिसेंबर सरताना सडक अर्जुनीत पहाटे पारा आठ-नऊवर येतो. मुंबई-कोलकाता महामार्गावरच्या ट्रकांचे दिवे धुक्यात नुसते पिवळे ठिपके होतात. धानाची चुरणी आटोपलेली, घरामागे तणसाचे ढीग उभे. अशाच एका ढिगापलीकडे वरातीची घोडी बांधली होती, पाठीवर गोणपाट. मार्गशीर्षात तिने बरेच नवरदेव मिरवले. आता पौष लागला, महिनाभर मुहूर्त नाही. कमाई थांबली, खाणं काही थांबत नाही.

"थंडी पडली भाऊ, चणा वाढवला असेल ना?" मी मालकाला विचारलं.

"कमी केला. काम नाही, मंग चना कायले?"

मला आधी तो कंजूष वाटला. आपल्याकडे थंडी म्हटलं की डिंकाचे लाडू. जनावरावर जीव असेल तर त्याच्याही तोबऱ्यात मूठभर जास्त टाकावं असंच मनात येतं. पण त्याचा हिशेब बरोबर होता. घोड्याला ऊब येते ती मुख्यतः गवतातून. आतड्याच्या मागच्या भागात चारा आंबतो, आणि त्या आंबण्यातच अंग तापतं. म्हणून थंडी वाढली की गवताचा भारा मोठा करायचा. दाणा, म्हणजे चंदी, ही मेहनतीची मजुरी. काम बंद ठेवून चंदी तेवढीच चालू ठेवली आणि मग एकदम घोडं जुंपलं, तर स्नायू आखडतात, लघवी काळपट होते. युरोपात गाडीची घोडी रविवारी विश्रांती घेत, खुराक मात्र पूर्ण खात आणि दुसऱ्या दिवशी अशी जखडत. त्या दुखण्याला तिथे सोमवारचं दुखणं असंच नाव पडलं.

साडेतीनशे किलोच्या घोडीला दिवसाला सातेक किलो सुकं खाणं लागतं, त्यातलं बहुतेक गवतच. तेही थोडं थोडं, कारण तिचं जठर जेमतेम दहा-पंधरा लिटरचं. रात्र मोठी असते, म्हणून निजण्यापूर्वीचा भारा सगळ्यात मोठा. खाणं बदलायचं तर आठ-दहा दिवस घेऊन. माघात मुहूर्त निघाले की चणाही असाच हळूहळू चढवायचा.

तरी मला वाटत होतं, तणसाचा एवढा ढीग दाराशी असताना हा माणूस गवत विकत का आणतो? बैल रवंथ करतो, तो तणसावरही दिवस काढतो. घोडी रवंथ करत नाही. धानाच्या काडीत कस कमी आणि वाळूसारखा खरखरीत अंश जास्त. एकट्या तणसावर ठेवलं तर पोटात गोळा अडकून पोटशूळ उठायचा. आणि समोरच्या बांध्यांमध्ये तर लाखोरी हिरवीगार. उभ्या धानात फेकून दिली की ओलीवर आपोआप येते, जवळपास फुकटच. हिच्या डाळीने माणसांचे पाय लुळे पडतात म्हणून 1961 मध्ये देशात तिच्या विक्रीवर बंदी आली. महाराष्ट्राने पुढे ती उठवली. घोड्याला मात्र लाखोरी फारच वाईट. सतत खाल्ली तर मागचे पाय ओढू लागतात, गळ्याच्या नसा दुबळ्या होऊन श्वास घरघरतो. नेमकं जे इथे सगळ्यात स्वस्त, तेच घोडीला चालत नाही.

चाऱ्याच्या अशाच हिशेबाबद्दल शिवाजी महाराजांचं चिपळूणजवळच्या छावणीतल्या पागेला लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठवलेलं दाणा-गवत बेहिशेबी उडवलं तर ऐन पावसात काहीच मिळणार नाही आणि घोडी मरतील. मग तुम्ही रयतेच्या दारात जाल, कोणी दाणे आणील, कोणी गवत, कोणी भाजी. पेटत्या दिव्याची वात उंदराने नेली तर गवताच्या गंजी जळतील, हेही त्यात आहे. राज्य उभारणाऱ्या माणसाने उंदराचा विचार करावा, हे मला तलवारीच्या गोष्टींपेक्षा जास्त आवडतं. इथल्या मालकाने ते पत्र वाचलं असेल-नसेल. त्याची शेकोटी मात्र ढिगापासून चांगली वीस पावलं लांब होती, आणि बिडी तो तिथेच जाऊन ओढत होता.

बोलता बोलता त्याने शेकोटीवरचं पातेलं उतरवून गार पाण्याच्या बादलीत ओतलं. बोट बुडवून पाहिलं, आणखी थोडं ओतलं. थंडीत घोडी गारढोण पाणी नाकारते, पाणी कमी पडलं की सुकं गवत आत दाटतं. गवताचा सगळा हिशेब या बादलीवर येऊन अडतो, हे त्याच्याकडून कळलं. घोडीने आधी नुसता वास घेतला, कान मागे टाकले. मग तोंड बुडवलं, आणि बादलीतली वाफ तिच्या नाकपुड्यांच्या वाफेत मिसळली.