ओल्या बाजूला कोण झोपतं?

आईची थोरवी सांगायची वेळ आली की आपल्याकडे एक गोष्ट हमखास निघते. माय स्वतः ओल्यात झोपली आणि लेकराला कोरड्यात निजवलं. कीर्तनात ती येते, शाळेच्या माता-पालक मेळाव्यात येते, तेराव्याला चार शब्द बोलणाऱ्याच्या तोंडी येते, आणि दर वेळी ऐकणाऱ्यांचे डोळे भरतात. माझेही भरतात, कारण ती गोष्ट खरी आहे. लातूर-नांदेडकडच्या घराघरांत ती आज रात्रीसुद्धा घडणार आहे. पण त्या अंथरुणावर बहुतेक वेळा तिसरं माणूसही असतं. ते कोणत्या बाजूला झोपलं होतं, हे कुणी सांगत नाही.

लेकरू रात्री कोरडं राहावं म्हणून जे करावं लागतं ते काम आहे, माया तर आहेच. ते जवळून पाहिलं पाहिजे. रात्री दीड-दोनचा सुमार असतो. लाइट लावला तर लेकरू पुरतं जागं होईल, म्हणून सगळं अंधारात चालतं. अर्धवट झोपेतच आईचा हात लेकराच्या बुडाखाली जातो. दुपटं ओलं पण ऊबदार लागलं तर आत्ताच झालंय, गार लागलं तर बराच वेळ लेकरू तसंच पडलंय. उशाशी घड्या रचून ठेवलेल्या असतात, त्यातली एक ओढायची. लेकराला एका हातानं कमरेतून उचलायचं, ओलं काढून घमेल्यात टाकायचं, मेणकापड पुसायचं, झबलं पाठीपर्यंत भिजलं असेल तर तेही बदलायचं, आणि हे करताना लेकराची झोप मोडू द्यायची नाही. ओल वाकळेत उतरली असेल तर त्याला पलीकडे सरकवून त्या जागेवर आपण आडवं व्हायचं. सकाळी उठून घमेलं मोरीत न्यायचं. वाकळ भिजली असेल तर ती एकटीला पिळवत नाही, दोन टोकांना दोघी लागतात. पावसाळ्यात ती दोन-दोन दिवस वाळत नाही आणि घरभर तो आंबूस वास राहतो. दिवसभर शेतात, दुकानात किंवा शाळेत काम करून आलेली बाई हे महिनोन्‌महिने करते.

आता लेकराच्या बाजूनं पाहू. दिवसाची शू सांगायला लेकराला शिकवता येतं. आपल्या आज्या तीन-चार महिन्यांच्या बाळालासुद्धा दोन्ही पायांवर बसवून तोंडानं ‘शूऽऽ’ करायच्या, आणि बाळ करायचंही. पूर्व आफ्रिकेतल्या डिगो समाजातल्या आया जवळपास अशाच रीतीनं पाच-सहा महिन्यांची लेकरं दिवसा आणि रात्रीही कोरडी ठेवतात, असं डीव्रीस पती-पत्नींनी १९७७ साली एका वैद्यकीय नियतकालिकात नोंदवलं आहे. त्याआधी १९६२ साली ब्रेझल्टन या अमेरिकन बालरोगतज्ज्ञानं अगदी वेगळं सांगितलं होतं: घाई करू नका, लेकराची तयारी दिसू द्या, मग शिकवा. दोन्ही वाचल्यावर मला त्यांत भांडण दिसत नाही. डिगो आईच्या अंगाला बाळ सदा चिकटलेलं असतं, त्याची चुळबुळ तिला आधी कळते. तिथं शिकते ती आई. सहा महिन्यांचं बाळ जे करतं ते तिच्या लक्ष देण्याच्या जोरावर. असं लक्ष द्यायला कुणीतरी सतत मोकळं असावं लागतं, आणि हा हिशेब कौतुक करताना कुणी मांडत नाही.

रात्रीचं मात्र वेगळं आहे. दोन वर्षांच्या लेकराच्या मूत्राशयात साधारण ९० मिलिलिटर लघवी मावते, चौथ्या वर्षी १५०च्या आसपास. रात्री लघवी कमी तयार व्हावी म्हणून मेंदूतून एक संप्रेरक सुटतं, त्याचं रात्रीचं वेळापत्रक बसायला काही लेकरांत वेळ लागतो. पिशवी भरल्याची जाणीव गाढ झोपेतून उठवण्याइतकी तीव्र व्हायलाही वेळ लागतो. या तिन्ही गोष्टी आतून पिकाव्या लागतात. म्हणून पाच वर्षांच्या आतल्या लेकरानं अंथरूण ओलं केलं तर डॉक्टर त्याला आजार म्हणतच नाहीत. पाचव्या वर्षीही शंभरातली पंधराएक मुलं रात्री ओली होतात, आणि त्यातली साधारण पंधरा टक्के दर वर्षी कुठल्याही उपायाविना थांबतात. आई किंवा बापाला लहानपणी हा त्रास असेल तर मुलाला तो असण्याची शक्यता चाळीस टक्क्यांच्या घरात जाते, दोघांनाही असेल तर सत्तरच्या पुढे. म्हणजे ज्याच्यावर आपण डाफरतो त्यानं ते आपल्याकडूनच घेतलेलं असतं.

दोन-तीन गोष्टी हातात आहेत, त्या सांगून टाकतो. आपल्याकडे दोन वर्षांच्या लेकरालाही संध्याकाळी बशीत चहा ओतून देतात, तो बंद करावा. चहानं लघवी वाढते, आणि लेकराला तसाही चहाचा काही उपयोग नाही. पोट साफ राहील हे बघावं, कारण तुंबलेलं आतडं मूत्राशयावर दाबतं. निजायच्या आधी एकदा न्हाणीत नेऊन बसवावं. पण पाणी तोडू नये. नांदेडचा पारा त्रेचाळीसला टेकतो तेव्हा रात्री गादी भिजेल म्हणून लेकराला तहानलेलं ठेवणं हा शुद्ध अविचार आहे. मध्यरात्री उचलून नेऊन शू करवली तर त्या रात्रीची वाकळ वाचते, लेकरू त्यातून काही शिकत नाही; पण वाकळ वाचणं हेही कमी नाही. सहा-सात वर्षांनंतरही थांबलं नाही तर उपाय आहेत. ओल लागताच वाजणारा गजर १९३८ पासून वापरात आहे, औषधंही आहेत. लघवीला जळजळ होत असेल किंवा एकाएकी तहान फार वाढली असेल तर मात्र वयाचा विचार न करता लगेच दवाखान्यात न्यावं.

हे सगळं माहीत असूनही आपल्या शहरांत हा विषय परीक्षेचा झाला आहे, याचं मला वाईट वाटतं. अभ्यासाच्या लातूर पॅटर्ननं या भागाला मान दिला. साध्या घरातली पोरं डॉक्टर, इंजिनिअर झाली, ते मी मनापासून मानतो. नांदेडातही श्यामनगर, भाग्यनगरकडे क्लासच्या पाट्यांखालून दप्तरांची रांग चालते. पण निकालाची सवय लागली की ती खालपर्यंत झिरपते. “आमच्या पिंट्यानं दीड वर्षातच ओलं करणं सोडलं,” असं एकीनं म्हणायचं आणि दुसरीनं घरी येऊन सव्वादोन वर्षांच्या लेकराच्या मांडीवर चापट मारायची. बालवाडीच्या प्रवेशाला विचारतात, “शू सांगतो का?” तो प्रश्न दिवसापुरता ठीक आहे, बाईंना वीस लेकरं सांभाळायची असतात. घरी येईपर्यंत मात्र तो रात्रीचाही होतो. झोपेत जे घडतं त्यात प्रयत्न कसा करायचा? झोपलेल्या लेकराला आपण नापास करतो आणि ते जागं झाल्यावर त्याला निकाल सांगतो.

त्यात लाज मिसळली की प्रकरण बिघडतं. विस्तवाशी खेळलास म्हणून मुतलास, असं सांगणारी पिढी अजून आहे. भावंडं मिळून नाव पाडतात, ते नाव पाहुण्यांसमोर उच्चारलं जातं, ओली वाकळ मुद्दाम रस्त्याच्या बाजूच्या दोरीवर टाकली जाते. चार वर्षांच्या पोराला हे सगळं कळतं. ते रात्री झोपायला घाबरू लागतं, आणि घाबरलेलं लेकरू जास्त ओलं होतं. सहा-आठ महिने कोरडं राहिलेलं मूल पुन्हा ओलं करू लागलं तर काहीतरी घडलंय असं समजावं: घरात नवं बाळ, कुणाचा मृत्यू, मोठ्यांची भांडणं. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणपती बुडवून दमून झोपलेल्या किल्लारी-सास्तूर पट्ट्यावर भूकंपानं दगडमातीची घरं कोसळली. जी लेकरं वाचली त्यांनी पुढचे महिने पत्र्याच्या शेडमध्ये, धरणीचा भरवसा नसताना काढले. अशा धक्क्यानंतर मुलं रात्री पुन्हा ओली होऊ लागतात, हे जगभरच्या डॉक्टरांना ठाऊक आहे. त्या काळात कुणाच्या मायनं न रागावता दुपटं बदललं असेल तर तेच त्या लेकराचं औषध होतं.

पाण्याचा विचार केल्याशिवाय मराठवाड्यात कोरड्या लेकराची गोष्ट पुरी होत नाही. मार्च २०१६ मध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. १२ एप्रिलला पहाटे मिरजेहून रेल्वेचे दहा टँकर पाच लाख लिटर पाणी घेऊन आले. त्या उन्हाळ्यात ज्या घरात तान्हं होतं तिथं लंगोट धुवायचे की भांडी, असा प्रश्न रोजचा होता. नळ दहा-दहा दिवस येत नाही तिथं बाईनं डायपर बांधला तर तिला आळशी म्हणू नये. “आमच्या वेळी नव्हतं बाई असलं” म्हणणाऱ्या सासूबाईंच्या वेळी आडाला पाणी होतं, आणि घरात जुनी सुती लुगडीही होती. धुऊन-धुऊन मऊ झालेलं ते लुगडं ओल प्यायचं. आज घरोघरच्या साड्या सिंथेटिक, त्यांच्या वाकळा ओल पीत नाहीत, खाली सोडून देतात. डायपरचा कचरा मात्र खराच आहे. २०१६च्या घनकचरा नियमांत तो वेगळा गुंडाळून द्यायला सांगितलं होतं. शहरात घंटागाडी तरी येते. तांड्यावर आणि वाडीवर तो उकिरड्यात जातो आणि कुत्री ओढतात. पण ही ग्रामपंचायतीनं सोडवायची गोष्ट आहे, ओझं पुन्हा त्याच बाईच्या डोक्यावर ठेवून ती सुटणार नाही.

आता त्या तिसऱ्या माणसाकडे येतो. लेकराला पाजणं आईशिवाय होत नाही, हे मान्य. पण बुडाखाली हात घालून बघणं, दुपटं बदलणं, न्हाणीत नेणं, सकाळी वाकळ खांद्यावर टाकून गच्चीवर नेणं, यातल्या एकाही कामाला दूध लागत नाही. बापाला सकाळी कामावर जायचं असतं, असं म्हणतात. बाईलाही जायचं असतं. नसलं तरी चुलीपुढचं काम थांबत नाही. माझ्या ओळखीचा एक रिक्षावाला रात्रीच्या गाडीची सवारी सोडून एकच्या पुढं घरी येतो. हातपाय धुतले की आधी पोरगीला उचलून न्हाणीत नेतो, मग जेवतो. त्यानं हे कुठल्या विचारानं ठरवलेलं नाही. तो त्या वेळी जागा असतो एवढंच. बायकोला पहिली झोप सलग मिळते. तिच्या सकाळच्या बोलण्यात किती फरक पडला ते तो स्वतःच सांगतो. अशी सोय पुष्कळ घरांत बसू शकते. ती बसत नाही, कारण ओल्यात झोपणं हे आईचंच भूषण आहे असं आपण फार गोड आवाजात ठरवून टाकलं आहे.

आणि जिथं दोघंही उठलेले असतात, तिथलं काय? कंधार, मुखेड, जळकोटकडून दिवाळीनंतर ऊसतोडीला जोड्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आगाऊ घेतलेली उचल दोघांवर एकत्र. शाळेच्या वयाचं पोर आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहू शकतं. दोन वर्षांचं लेकरू सोबतच जातं. कारखान्याच्या माळावर ताडपत्रीची कोपी असते, खाली जमीन, वर एखादी सतरंजी. डिसेंबरच्या थंडीत पहाटे तीनला उठून फडाकडे निघायचं. लेकरू ओलं असेल तर ते तसंच कपड्यात गुंडाळून बैलगाडीत घ्यायचं किंवा ट्रॅक्टरवर. कोरडं दुपटं असलंच तर ते काल धुतलेलं आणि दवानं पुन्हा ओलं झालेलं. तिथं मायचं कौतुक करून भागत नाही आणि बापाला पाळी लावूनही भागत नाही.

कारखाना गाळपाचं नियोजन करतो तेव्हा किती कोयते, किती गाड्या, दिवसाला किती टन हे सगळं मांडलेलं असतं. त्या कागदावर लेकरांची संख्याही लिहिली जावी. तळावर नळ, रात्री जळणारा एक दिवा, कोप्यांखाली फरशीचा किंवा निदान मुरमाचा उंचवटा, आणि पहाटे तीनपासून उघडं असणारं पाळणाघर, जिथं पगारी बाई असेल आणि कोरड्या दुपट्यांचा ढीग असेल. टनामागं जी रक्कम टोळी आणणाऱ्या मुकादमाला मिळते, ऊसतोड कल्याणासाठी जे पैसे बाजूला काढले जातात, त्याच हिशेबात याचाही खर्च बसवायला हवा. पुढच्या हंगामाच्या बैठका पावसाळ्यातच सुरू होतात, तेव्हाच हा विषय निघाला पाहिजे.