घराला कुलूप

चंदगडच्या बाजारपेठेत एका घरातून रात्री-अपरात्री उठणाऱ्या आरडाओरड्याला विटलेल्या एका सद्गृहस्थांनी मला ऐकवले, “माणसांना समज देऊन देऊन थकलो; आता त्या घरालाच कुलूप ठोका.” उद्गार संतापाचा होता खरा, परंतु त्या मागणीत न्यायाचा काही अंश असावा काय, ही शंका मला स्वस्थ बसू देईना.

सार्वजनिक उपद्रव हा अपराध आहे, हे सर्वश्रुतच आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 133, जे 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 152 झाले, त्याअन्वये कार्यकारी दंडाधिकारी अपायकारक धंदा थांबविण्याचा किंवा कोसळू पाहणारी इमारत पाडण्याचा सशर्त हुकूम काढू शकतो, आणि ज्याच्यावर हुकूम बजावला जातो त्यास हरकत मांडण्याची मुभा असते. या व्यवस्थेत मला एक भेद सदैव मोलाचा वाटत आला आहे: उपद्रव जागेचा की माणसाचा? खचलेली भिंत हा जागेचा दोष. दारू पिऊन बायकोवर हात उगारणारा नवरा हा माणसाचा, आणि त्याची शिक्षा भिंतींना देता येत नाही.

माझे एक वकील स्नेही हा भेद मुळीच मानीत नाहीत. अमेरिकेतील कित्येक नगरांत ठरावीक मुदतीत पोलिसांना वारंवार यावे लागले की घरमालकास भाडेकरू काढणे भाग पडते, तसाच अधिकार आपल्या स्थानिक संस्थांना असावा, असे त्यांचे म्हणणे. पण पेनसिल्व्हेनियातील नॉरिस्टाउन येथे याच नियमापायी, मारहाण सोसणाऱ्या एका स्त्रीला पोलिसांना हाक मारण्याचीच धास्ती बसली. 2013 मध्ये प्रकरण न्यायालयात गेले व पुढे नगराला तो नियम मागे घ्यावा लागला. “आपल्याकडे निर्णय करणारे आपलेच लोक असतील,” हे स्नेह्यांचे उत्तर. मला नेमकी त्याचीच भीती वाटते. कारण आपल्याच लोकांतली वैरे सहजी मिटत नाहीत. 1956 पर्यंत चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यात होता. राज्य पुनर्रचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात गेले आणि चंदगड कोल्हापुरास जोडले गेले. जिल्ह्याची कचेरी बदलली, दप्तरे हलली, पण भावकीची जुनी वैरे आणि बांधावरचे तंटे जागच्या जागी राहिले. एखाद्या कुटुंबास वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्राला 2016 मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. घर बंद करण्याचा अधिकार गावकीच्या हाती दिला, तर तोच बहिष्कार ठरावाच्या रूपाने परत येईल.

येथवर मी निश्चिंत होतो. परंतु आडव्या बाटलीचा, म्हणजे दारूदुकान बंद करण्यासाठी स्त्रिया करतात त्या मतदानातील ‘बंद करा’ या चिन्हाचा, विचार मनात आला आणि माझा भेद डळमळला. परवान्याचे दारूदुकान ही तर जागाच. दुकानदाराने गुन्हा केलेला नसतो, दंगा गिऱ्हाइकांचा असतो. तरीही 2008 च्या शासकीय आदेशान्वये एक चतुर्थांश स्त्री मतदारांनी मागणी केली की गुप्त मतदान घेतात, आणि एकूण स्त्री मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडली की दुकान बंद होते. माझ्या तत्त्वानुसार मी याला विरोध करावयास हवा, आणि तो मला करवत नाही. कारण येथे परवाना जातो, कोणाचा निवारा जात नाही; आणि जिला त्रास झाला तिला गाऱ्हाणे मांडण्याची किंमत मोजावी लागत नाही. तेव्हा जागा की माणूस यापेक्षा, दार बंद झाल्यावर उघड्यावर कोण येतो, हाच प्रश्न अगोदर विचारला पाहिजे, असे मला आता वाटते.

या आदेशातली एक अट मात्र मला मान्य नाही. चंदगडातली कितीतरी कुटुंबे पोटापाण्यासाठी मुंबईला असतात. तिथल्या सुनेचे नाव गावच्या यादीत असते, ती मतदानाला येऊ शकत नाही, आणि तिचे न पडलेले मत नकळत उभ्या बाटलीच्या, म्हणजे दुकान चालू ठेवणाऱ्यांच्या, पारड्यात जाते. प्रत्यक्ष मतदान करणाऱ्या स्त्रियांचेच बहुमत ग्राह्य धरावे, ही मागणी सरकारने विनाविलंब मान्य केली पाहिजे.