विळा, काटा आणि वही

तंत्रज्ञान म्हटलं की आमच्या पोरांच्या डोळ्यांपुढं मोबाईल येतो आणि साहेबलोकांच्या डोळ्यांपुढं ड्रोन. तलासरीत सभा झाली की एक वाक्य ठरलेलं, ‘आता तुमच्याकडे तंत्रज्ञान येतंय.’ म्हणजे आजवर इथं काय होतं? नुसते हात?

माणसाच्या चालीरीतींचा अभ्यास करणाऱ्यांनी या गोष्टीचा बराच खल केलाय. फ्रान्सचे मार्सेल मॉस पहिल्या महायुद्धात इंग्रज पलटणीबरोबर होते. त्यांनी सांगून ठेवलंय, की इंग्रज शिपायांना फ्रेंच फावडी चालवता येईनात. फ्रेंच तुकडीच्या जागी इंग्रज तुकडी आली की एकेका डिव्हिजनमागं ८००० फावडी बदलावी लागत. फावडं ते फावडंच, पण हात दुसऱ्या मुलखात शिकलेला. १९३४ सालच्या व्याख्यानात ते म्हणाले, की माणसाचं पहिलं अवजार म्हणजे त्याचं स्वतःचं अंग. शहरातल्या पाहुण्याला लावणीच्या वेळी पंधरा मिनिटं चिखलात वाकवा, त्याला मॉस न वाचताच समजतो.

आपला राब घ्या. उन्हाळ्यात शेण, फांद्या, पालापाचोळा, गवत असे थर पसरायचे, वरून माती टाकायची आणि पेटवायचं. माती नसली तर आग भडकून मोकळी होते. ती दबून, धुमसत जायला पाहिजे, तेव्हाच तणाचं बी मरतं आणि जमीन भुसभुशीत होते. म्हणून पेटवायचं तेही वारा जिकडं जातो त्या बाजूनं, म्हणजे आग वाऱ्याला तोंड देत हळू सरकते. यात यंत्र एकही नाय. पण म्हातारी माणसं ‘आज नको’ म्हणायची, आणि का नको ते पोरांना धुरात उभं राहूनच कळायचं. राबानं झाडं बोडकी होतात, शेण जळतं, असं शेतकीवाले सांगतात. खरंच आहे ते. पण राब बंद केला की खत विकत आलं, बेणणीला मजूर आला, आणि फांद्या तोडायला सगळं घर डोंगरावर जायचं तेही थांबलं. एक दोरा ओढला तर घोंगडीभर सुरकुत्या पडतात. ती सगळी घोंगडी म्हणजे तंत्रज्ञान, असं मी धरतो.

इथपर्यंत ठीक. पण अंगातल्या कसबाचं कौतुक करून थांबणारे लोक मला पटत नाहीत. वारली चित्राला, तारप्याला टाळ्या वाजवायच्या आणि पोटाचं विचारायचं नाही, हेही त्यातलंच.

आमच्या भागातलं गवत मुंबईच्या गुराढोरांसाठी जायचं. विळा आदिवासीचा, कापायचं कसब आदिवासीचं. गवत, काटा आणि वही मात्र जमीनदाराची. मे १९४५ मध्ये झरीला आदिवासींची परिषद भरली, वेठ करणार नाही असं ठरलं. त्याच वर्षी गवत कापणाऱ्यांचा संप झाला. मागणी काय, तर ५०० पौंड गवताला अडीच रुपये. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात तो काळ आहे. मला त्या मागणीतला ‘५०० पौंड’ हा भाग फार मोठा वाटतो. विळा चालवता येणाऱ्यांनी तेव्हा काट्याची भाषा हातात घेतली. मोजणं हेसुद्धा तंत्रज्ञानच आहे, आणि ते कुणाच्या हातात आहे यावर विळ्याची किंमत ठरते.

म्हणून वाढवणला बंदर, शिवारातून बुलेट ट्रेन असं ऐकलं की यंत्र चांगलं का वाईट या वादात मी पडत नाही. माझा पुतण्या जेसीबी चालवतो. वर्षभर दुसऱ्या ड्रायव्हरच्या बाजूला बसून शिकला, आता बादलीनं बांधाची कड अशी साफ करतो की फावड्यानंही तशी होणार नाही. हात माझ्याच घराण्याचा, म्हटलं. मशीन किती तास चालली हे मालकाच्या मोबाईलवर आपोआप जातं. पुतण्याला पगार महिन्याचा, तास कितीही होवोत.