रक्ताकडे जाणारी वाट

उजव्या हाताची दोन बोटं डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला ठेवा. नाडी लागेल. दहा-बारा ठोके जाऊ द्या, मोजायची गरज नाही.

मिनिटाला साधारण लिटरभर रक्त आपल्या मूत्रपिंडांतून जातं. दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो, त्यातला लिटर-दीड लिटर लघवीवाटे जातो आणि बाकीचा रक्तात परत येतो. आपल्याला याची गंधवार्ताही नसते. आता हे काम कायमचं थांबलंय, असं मनात आणा. भीती वाटली तर वाटू द्या.

तुम्हाला वाटेल, गाळणी बनवली की प्रश्न सुटला. गाळणी १९४३ मध्येच बनली होती. जर्मनांच्या ताब्यातल्या हॉलंडमधल्या काम्पेन गावात विलेम कोल्फ या डॉक्टरने सॉसेजच्या आवरणाची सेलोफेनची नळी पिंपावर गुंडाळली आणि ते पिंप मिठाच्या पाण्यात फिरवलं. नळीतून जाणाऱ्या रक्तातला युरिया खरोखरच पाण्यात उतरला. पण त्याच्या पहिल्या रुग्ण तरुणीला दर खेपेला नवी रक्तवाहिनी उघडावी लागे. काही खेपांनंतर उघडायला रक्तवाहिनीच उरली नाही, आणि ती गेली.

इथे थोडं थांबा. यंत्र चालू होतं, पण रक्तापर्यंत जायची वाट संपली होती.

पुढची सतरा वर्षं डायलिसिस बहुतेक करून अशांनाच मिळालं, ज्यांची मूत्रपिंडं काही दिवसांत आपोआप सुधारणार होती. कायमची निकामी झालेल्यांना घरी पाठवत. सिअॅटलच्या डॉक्टर बेल्डिंग स्क्रिब्नर यांनीही असा एक रुग्ण घरी पाठवला, आणि तो त्यांच्या मनातून जाईना. एका रात्री जाग आली ती उपाय घेऊनच: नळ्या काढायच्याच नाहीत. एक धमनीत, एक शिरेत, कायमची. यंत्र बंद असताना दोन्ही टोकं एका वाकड्या तुकड्याने जोडून ठेवायची, म्हणजे रक्त वाहतं राहील. काचेच्या नळ्यांत रक्त गोठत असे. सहकारी सर्जनने टेफ्लॉन सुचवलं, वेन क्विंटन या यंत्रज्ञाने नळ्या वाकवून दिल्या. ९ मार्च १९६० रोजी बोइंगच्या कारखान्यातले क्लाइड शील्ड्स यांच्या हातावर ती जोडणी, म्हणजे 'शंट', बसली. ते आणखी अकरा वर्षं जगले.

मनगटावरची बोटं जिथे आहेत, तिथेच त्या नळ्या कातडीबाहेर येत. आपलं रक्त डोळ्यांसमोर वाहताना दिसे, स्पर्शाला नळी कोमट लागे. शर्टाची बाही घालताना, कूस बदलताना जपावं लागे. ते ओझं क्षणभर आपल्या हातावर घेऊन बघा.

आता जास्त अवघड भाग. १९६२ मध्ये सिअॅटलला कायमच्या रुग्णांसाठी केंद्र उघडलं. खाटा मोजक्या, गरजू कितीतरी. म्हणून सात जणांची समिती नेमली: धर्मोपदेशक, वकील, गृहिणी, बँकवाला, कामगार पुढारी, सरकारी अधिकारी, सर्जन. लग्न, मुलं, उत्पन्न, चर्चला जाणं, सगळं बघून ते कोण जगणार ते ठरवत. लोकांनी त्यांना पुष्कळ नावं ठेवली. मला तेवढा राग येत नाही. नाव न घेता नकार देणारी व्यवस्था जास्त सोयीची असते. तुम्ही त्या खुर्चीत बसा. दोन अर्ज, एक खाट. मनात उत्तर आलं, तर ते खरं-खोटं न करता एवढंच बघा की ते कशावरून आलं.

एका शाळकरी मुलीलाही या समितीने नाकारलं. तिच्यासाठी स्क्रिब्नर यांनी लेस बॅब या इंजिनिअर मित्राला गाठलं, आणि काही महिन्यांत घरी चालवता येईल असं यंत्र तयार झालं: मीठ-पाण्याचं मिश्रण स्वतःच बनवणारं, स्वतःवर नजर ठेवणारं. आजच्या डायलिसिस मशीनचं मूळ त्यात आहे. स्क्रिब्नर यांच्या चरित्रात सहसा शंटचं वर्ष ठळक छापतात. मला १९६४ मधलं हे घरगुती यंत्र मोठं वाटतं. नकाराशी वाद घालत न बसता त्यांनी खाटेचीच गरज उडवून लावली.

१९६५ मध्ये न्यू यॉर्कच्या ब्रेशिया आणि चिमिनो यांच्या गटाने धमनी आणि शीर कातडीखालीच जोडली, आणि बाहेरच्या नळ्या गेल्या. आपल्याकडच्या कुठल्याही डायलिसिस वॉर्डात 'फिस्टुला' म्हणतात तो हाच. त्यावर तळवा ठेवला तर आतली थरथर हाताला लागते. या हाताचं बीपी घ्यायचं नाही, त्या कुशीवर झोपायचं नाही, हे रुग्णाच्या घरी लहान पोरालाही पाठ असतं.

डायलिसिसची खुर्ची आता सरकारच्या महात्मा फुले योजनेतून मिळू शकते. पण आठवड्यातून तीन वेळा, दर खेपेला चार तास, वर जाण्यायेण्याचं एसटी भाडं. तुमच्या ओळखीतलं कोणी डायलिसिसवर असेल, तर त्यांचे वार कोणते, सोबत कोण जातं, आणि सोबत जाणाऱ्याचा त्या दिवसाचा रोज कोण भरून देतं, हे सावकाश आठवून बघा.