कर्ता कोण?

सरकारी कंत्राटाचे कागद हे काही दिवाळीच्या सुटीत, फराळाचे ताट शेजारी ठेवून वाचावे असे वाङ्मय नव्हे. तरीही गेल्या पावसाळ्यात एका उपजिल्हा रुग्णालयाच्या बांधकामाची निविदा-पुस्तिका माझ्या हाती आली, आणि मी ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून काढली. वाचताना माझे लक्ष आकड्यांपेक्षा भाषेकडेच अधिक गेले. ‘प्रशासकीय मान्यता देण्यात येत आहे’, ‘निविदा मागविण्यात येत आहेत’, ‘काम विहित मुदतीत पूर्ण करण्यात यावे’, ‘गुणवत्तेबाबत दक्षता घेण्यात यावी’. शाळेत आम्हांला व्याकरणाच्या मास्तरांनी वाक्यातला कर्ता शोधावयास शिकवले होते. या वाक्यांत कर्म आहे, क्रियापद आहे. कर्ता मात्र कितीही शोधला तरी सापडत नाही. मान्यता कोणी दिली? दक्षता कोणी घ्यावयाची? वाक्य त्याबद्दल मौन पाळते.

मराठीत ‘कर्ता’ या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. घरातले कर्ते माणूस म्हणजे ज्याच्या खांद्यावर घर उभे असते ते माणूस. काही बिनसले तर ज्याच्याकडे सगळे पाहतात ते. ती पुस्तिका मिटल्यावर माझ्या मनात प्रश्न उरला तो हा, की गोरगरिबांसाठी रुग्णालय बांधण्याच्या एवढ्या मोठ्या व्यवहारात कर्ते माणूस कोण?

कायद्याचे उत्तर तयार आहे. संविधानाच्या २९९व्या अनुच्छेदाप्रमाणे राज्याचे करार राज्यपालांच्या नावाने होतात आणि अधिकार दिलेला अधिकारी त्यांच्या वतीने सही करतो. त्याच अनुच्छेदात पुढे असेही सांगितले आहे, की अशा कराराबद्दल राज्यपाल व्यक्तिशः जबाबदार नाहीत आणि त्यांच्या वतीने सही करणाराही नाही. यात शहाणपण आहे. सरकारच्या प्रत्येक करारापायी अधिकाऱ्याचे राहते घर जप्त होऊ लागले, तर सही करावयास कोणी पुढे येणार नाही आणि एकही दवाखाना उभा राहणार नाही. पण कायद्याने माणसाला ज्या ओझ्यातून सोडवले ते पैशाचे ओझे. नीतीच्या ओझ्यातून सोडवण्याचा अधिकार संविधानालाही नाही. आपण मात्र या दोन्ही सुटका एकच समजून चाललो आहो, असे मला वाटते.

सरकारी इमारत गळू लागली की आपले निदान ठरलेले असते: कोणीतरी पैसे खाल्ले. टक्केवारीच्या गोष्टी आपण चहाबरोबर चवीने ऐकतो आणि सांगतोही. खाणारे आहेत, यात शंका नाही. ते आजचेही नव्हेत. कौटिल्याने अपहाराचे चाळीस प्रकार मोजून ठेवले आहेत. परंतु चोर सापडला की विचार थांबतो, हा या निदानाचा दोष आहे. क्षणभर असे धरून चालू, की एका रुग्णालयाच्या कामात कोणीही एक पैसा खाल्ला नाही. मंत्री, अभियंता, कंत्राटदार, सगळे धुतल्या तांदळासारखे आहेत. ती इमारत नक्की चांगली होईल काय?

माझे एक स्नेही बांधकामाच्या एका सरकारी खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या सचोटीबद्दल त्यांच्या शत्रूंनीही कधी संशय घेतला नाही. एकदा मी त्यांना विचारले, “काका, सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारायची, हा नियम तुम्हांला पटतो का?” ते हसले आणि म्हणाले, “अहो, पटण्याचा प्रश्नच कुठे येतो? कमी दरवाल्याला काम दिलं आणि छत गळलं, तर लोक पावसाला शिव्या देतात. दुसऱ्या नंबरवाल्याला दिलं आणि छत पन्नास वर्षं टिकलं, तरी माझी चौकशी लागते. नियम चांगला की वाईट ते राहू द्या. तो मला रात्री झोप देतो.”

या नियमाची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. तो अविश्वासातून जन्मला आहे, आणि तो अविश्वास अनाठायी नव्हता. अधिकाऱ्याला निवडीची मोकळीक दिली, की ती मेव्हण्यापर्यंत पोचते, असा अनुभव होता. म्हणून निवड माणसाच्या हातून काढून आकड्याच्या हाती दिली. आकड्याला नातेवाईक नसतात. केंद्र सरकारच्या अर्थखात्यालाही या पद्धतीच्या मर्यादा जाणवल्या. २९ ऑक्टोबर २०२१ रोजी काढलेल्या सूचनांत त्याने काही कामांपुरती किमतीबरोबर गुणवत्तेलाही गुण देण्याची वाट मोकळी केली; तिथेही गुणवत्तेच्या वाट्याला शंभरांपैकी तीसपेक्षा अधिक भार देता येत नाही. अविश्वास सत्तर आणि विश्वास तीस! प्रमाण वाईट नाही. पण माझा मुद्दा टक्क्यांचा नाही.

कमी दराने नेमके काय कमी होते, हे पाहिले पाहिजे. जे मोजता येते ते सहसा कमी होत नाही. खोल्या तेवढ्याच राहतात, खिडक्या तेवढ्याच. कमी होते ते न मोजता येणारे. काँक्रीट ओतल्यावर ते निदान सात दिवस ओले राहिले पाहिजे, असे आपले भारतीय मानक सांगते. कामावरचे लोक याला ‘पाणी मारणे’ म्हणतात. या पाण्याची सहसा वेगळी बाब नसते. काँक्रीटच्या दरातच ते धरलेले असते. सातव्या दिवशी पाणी मारले की नाही, हे आठव्या दिवशी कोणत्या पट्टीने मोजणार? मजूर दिवाळीला गावी गेले असता कोणीतरी एक जण मागे राहतो आणि सकाळ-संध्याकाळ स्लॅबवर नळी धरतो, किंवा धरीत नाही. दोन्ही स्लॅब सारखेच दिसतात, दोन्हींचे बिल सारखेच निघते. फरक कळावयास काही पावसाळे जावे लागतात, आणि तोवर त्या छताखाली प्रसूतीच्या खाटा लागलेल्या असतात.

इथे कोणी म्हणेल, की मग अधिक मोजा, अधिक तपासा, अधिक सह्या घ्या, प्रश्न सुटेल. या उपायावर माझी श्रद्धा होती तोवर स्कॉटलंडमधली एक हकिगत माझ्या वाचनात आली नव्हती. एडिंबरा शहरात मुलांचे एक मोठे सरकारी रुग्णालय नव्याने बांधण्यात आले. जुलै २०१९मध्ये रुग्णांना तिथे हलवण्यास काही दिवसच उरले असता तिथल्या आरोग्यमंत्र्यांना ते स्थलांतर थांबवावे लागले. कारण असे, की अत्यवस्थ मुलांच्या कक्षात तासाला दहा वेळा हवा पालटली पाहिजे असा दंडक असताना, योजना चार वेळांचीच झाली होती. चुकीचा आकडा एका तक्त्यात २०१२ साली शिरला होता. पुढे सात वर्षे तो तक्ता एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला. सल्लागार, वकील, अभियंते, प्रशासक यांच्या हातांखालून तो गेला. इमारतीचे पैसे तर करारानुसार देणे भागच होते: रिकाम्या रुग्णालयापायी महिन्याला सुमारे चौदा लाख पौंड जात राहिले. इमारत पूर्णपणे वापरात आली ती २०२१ साली. पुढे न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली. या कक्षापुरता तिचा निष्कर्ष चोरीचा नव्हता, चुकीचा होता. तक्ता पाहणारे इतके होते, की आपल्याआधी कोणीतरी तो पाहिलाच असेल असे प्रत्येकाला वाटणे स्वाभाविक होते. सह्यांची संख्या वाढली की डोळ्यांची संख्या वाढतेच असे नाही. कित्येकदा ती घटते.

त्या मुलांचे दैव एवढेच बलवत्तर, की शेवटच्या घटकेला कोणीतरी यंत्र लावून हवा प्रत्यक्ष मोजली. आपल्याकडे तेवढाही अवधी सगळ्यांना मिळाला नाही. ९ जानेवारी २०२१च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून १० बालके गेली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला, ऐन भाऊबिजेच्या दिवशी, त्या वेळच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटला आणि ११ रुग्ण दगावले. या आगींची कारणे ठरवणे हे माझे काम नाही. मी फक्त नंतरच्या दिवसांत आपण काय विचारले ते आठवतो. आपण विचारले, ‘दोषी कोण?’ हा प्रश्न आगीनंतरचा आहे. आगीआधीचा प्रश्न ‘कर्ता कोण?’ हा असतो आणि तो विचारावयास गर्दी जमत नाही. आपल्या राज्यात आगीच्या प्रतिबंधाचा २००६ सालचा स्वतंत्र कायदा आहे. त्याप्रमाणे इमारतीतील अग्निशामक व्यवस्था चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, सादर करावे लागते. प्रमाणपत्र आले, की ते ‘प्राप्त झाले’. ते वाचले कोणी, हा मजकूर लिहिण्यास आपल्या नमुन्यांत रकाना नसतो.

माझ्या मताविरुद्ध एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. एका अभियंत्याकडे पंधरा-वीस कामे असतात, एक तालुक्याच्या या टोकाला तर दुसरे त्या टोकाला. गाडी असते तेव्हा डिझेल नसते. त्याने प्रत्येक सळई आणि प्रत्येक घमेले डोळ्यांनी पाहावे, हे त्याच्याकडून मागणे म्हणजे घरी बसून दुसऱ्याला शौर्य शिकवणे होय. शिवाय आपल्या परंपरेतले एक वचन अशा वेळी नेहमी मदतीला येते: आपण आपले कर्म करावे, फळाकडे पाहू नये. नियमाप्रमाणे फाईल पुढे सरकवली, कर्म झाले. छताचे काय होईल ते फळ!

आक्षेपाच्या पहिल्या भागापुढे मी मान तुकवतो, दुसऱ्यापुढे नाही. फळाची आशा सोडावी म्हणजे स्वतःला मिळणाऱ्या फळाची. आपल्या कर्माने दुसऱ्याच्या अंगावर काय कोसळेल याची चिंता सोडावी, असे कोणत्याही संताने किंवा आचार्याने सांगितल्याचे मला ठाऊक नाही. राहिला पहिला भाग. माणसाला सगळे पाहता येत नाही हे खरे. पण जे पाहिले नाही त्याखाली ‘पाहिले’ अशा अर्थाची सही करावयाची की ‘मला हे पाहता आले नाही’ असे लिहावयाचे, एवढी निवड त्याच्या हाती उरतेच. माझ्या मते रुग्णालयाच्या कंत्राटातला खरा नैतिक प्रश्न एवढ्या लहान जागेत मावतो. सही ही मान्यता नव्हे, साक्ष आहे. आणि न पाहता दिलेली साक्ष, तिच्यासाठी कोणी पैसे दिले नसले तरी, खोटीच.

रस्त्याच्या किंवा कचेरीच्या कामापेक्षा हा प्रश्न इथे अधिक टोकदार का, तेही सांगितले पाहिजे. करारावर दोन पक्षांच्या सह्या असतात: एक सरकार, दुसरा कंत्राटदार. ज्याच्यासाठी करार होतो तो तिसरा पक्ष त्या दिवशी शेतात असतो, वीटभट्टीवर असतो, किंवा अजून जन्मलेलाच नसतो. खड्ड्याचा रस्ता टाळून माणूस दुसऱ्या वाटेने जाऊ शकतो. पण रात्री दोन वाजता कळा सुरू झालेली बाई इमारत निवडत नाही. ती डोळे मिटून आत येते. तिचा तो विश्वास म्हणजे करारावर उमटलेली तिसरी सही. त्या सहीला ना साक्षीदार, ना मुद्रांक. ती खरी ठरवावयाची की खोटी, हे बाकीच्या दोन सह्यांवर अवलंबून आहे.

‘मला पाहता आले नाही’ असे लिहिणाऱ्याला याची किंमत मोजावी लागेल, हे मी जाणतो. त्याची बदली होईल, बिल अडले म्हणून कंत्राटदार ओरडेल, उद्‌घाटनाची तारीख पुढे गेली म्हणून पुढारी रागावतील. आणि आपण? आपण त्याला ‘अडवणूक करणारा’ म्हणू. इथे हा प्रश्न अभियंत्याच्या टेबलावरून आपल्या ओसरीवर येतो. आपण सरकारी माणसाची परीक्षा एकाच प्रश्नाने घेतो: ‘खातो का?’ खात नाही म्हटले, की तो आपल्या लेखी देवमाणूस. ‘पाहतो का?’ हे आपण कधी विचारत नाही. स्वच्छ हातांचा आपण इतका गौरव केला, की उघड्या डोळ्यांची मागणी करावयाचे राहूनच गेले. ज्या समाजात हात स्वच्छ ठेवण्याचा सर्वांत सोपा मार्ग डोळे मिटणे हा असतो, तिथे सज्जन माणसे पुष्कळ असतील. पण छते गळतच राहतील.

बांधकामाच्या त्या साऱ्या कागदांत एक वही मात्र वेगळी असते. तिला मोजमाप-पुस्तक म्हणतात. कामावर सगळे ‘एम. बी.’ म्हणतात. तिची पाने आधीच क्रमांक घालून दिलेली असतात. तिच्यातला आकडा खोडरबराने पुसण्याची मनाई असते. चुकला तर रेघ मारून शेजारी सही करावयाची, म्हणजे चूकही दिसत राहते. आणि माप कोणी घेतले व कोणत्या तारखेला, हे तिच्यात लिहावेच लागते. साऱ्या व्यवहारात कर्त्याला नाव घेऊन हाक मारणारी ही एक जागा. तीही घरी बसून भरता येते, हे मला ठाऊक आहे. पण ती भरणाऱ्याला निदान आपले नाव लपवता येत नाही.

मराठीची एक लकब मला या संदर्भात फार मोलाची वाटते. भूतकाळात आपले क्रियापद कर्माच्या मागे जाते: मी भिंत मोजली, मी दार मोजले, मी खांब मोजला. कर्ता पुरुष असो की बाई, साहेब असो की मिस्त्री, क्रियापद त्याची पर्वा करीत नाही. ते भिंतीकडे, दाराकडे, खांबाकडे पाहते. तसेच असावे, कारण मोल मोजणाऱ्याचे नाही, मोजलेल्याचे आहे. तरीही वाक्याच्या आरंभी तो ‘मी’ उभा असतो. तो काढून टाकला की उरते ते ‘मोजण्यात आली’. आणि मग ती भिंत खरोखर कोणी मोजली होती की नाही, हे तिच्याखाली निजलेल्या माणसालाच एके रात्री कळावयाचे असते.