मापात पाप

प्रश्न : आमचं भुसार मालाच्या खरेदीचं दुकान आहे. थोरले दीर व्यवहार बघतात, मी वही लिहिते. शेतकऱ्याचं पोतं काट्यावर चढलं की बारदानाचं वजन वजा करूनही ते वर दोन किलो कडता कापतात. तो आकडा मी मांडते. हेच दीर मंडळीचे पंच आहेत आणि धंदा वाढतोच आहे. मग देवाचा न्याय कुठे आहे? आणि पवित्र व्हायचं तर मी आणखी काय करू? उपास-प्रार्थना मी चुकवत नाही.
– एक भगिनी

उत्तर : ताई, तुमचे ते दोन किलो वाचले आणि आमोस संदेष्टा आठवला. तकोवाचा मेंढपाळ, उंबराच्या झाडांची निगा राखणारा. दुसऱ्या यराबामाच्या काळात इस्राएलात सुबत्ता होती, बेथेलात यज्ञ आणि सण जोरात होते. आमोसाने बोट ठेवलं ते बाजारावर. शब्बाथ कधी संपतो आणि धान्य कधी विकायला काढतो, अशी घाई झालेले ते व्यापारी. गिऱ्हाइकाला द्यायचं धान्याचं माप लहान, त्याची चांदी तोलायचं वजन जड, आणि गव्हात भुसाही. तेव्हा वजनं दगडाची असत. पिशवीत लहान-मोठे असे दोन दगड बाळगू नका, असं अनुवादाच्या 25व्या अध्यायात स्पष्ट सांगितलं आहे.

बेथेलच्या याजकाने आमोसाला हाकलून लावलं. त्यानंतरही कित्येक वर्षं बाजार भरत राहिला. मग ख्रिस्तपूर्व 722च्या सुमारास इस्राएलाची राजधानी शोमरोन अश्शूरांच्या हाती पडली. मधली वर्षं देवाने पश्चात्तापासाठी दिली होती. दिरांनाही तीच मिळत आहेत, आणि तुम्हालाही.

एक मात्र जपा. उद्या दिरांच्या घरात आजारपण आलं तर ‘बघा, न्याय झाला’ असं मनातही आणू नका. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली, तेव्हा ती इतरांहून अधिक पापी होती असं समजू नका, असं प्रभूने बजावलं, आणि ऐकणाऱ्यांनाच पश्चात्ताप करायला सांगितलं.

पवित्रतेबद्दल विचारता, तर लेवीयाचा 19वा अध्याय सावकाश वाचा. सुरुवातीलाच पवित्र व्हा अशी आज्ञा आहे. पुढे शेताच्या कडेचं पीक गरिबासाठी सोडा, मजुराची मजुरी रात्रभर अडकवू नका, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नका. आणि अध्याय संपता संपता तराजू, वजनं, मापं खरी ठेवा. तुमच्या उपासाचं मोल मी कमी करत नाही. पण देव तुमची वहीसुद्धा वाचतो.

कडता दिरांचा असला तरी अक्षर तुमचं आहे. दिरांशी आधी एकांतात बोला; मत्तय 18 मध्ये प्रभूने हाच क्रम घालून दिला आहे. मंडळीत चर्चा नको. यापुढे बारदान वजा जाता जे खरं वजन भरेल तेच लिहा. ते चालणार नाही म्हणाले, तर वही त्यांच्या हाती द्या. घरात अबोला धरला जाईल, जावेचे टोमणे ऐकावे लागतील. ते सोपं नाही, याची मला जाणीव आहे.

मागच्या वह्यांत शेतकऱ्यांची नावं आणि पोती आहेतच. जकातदार जक्कयाने फसवून घेतलेलं चौपट परत करण्याचं कबूल केलं होतं. तुम्ही निदान त्या दोन-दोन किलोंचा हिशेब मांडा आणि आपल्या वाट्यातून जमेल तेवढं परत करायला लागा. सोयाबीन यायच्या आत दिरांशी बोला.